जमीन, नाव आणि कागदपत्रे : एडवर्ड बुल्वर-लिटनचे कुटुंब आणि चरित्रलेखनाची साधने

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जमीनदार, राजकारणी आणि ग्रंथकार या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्याची जी उदाहरणे आढळतात, त्यांत एडवर्ड बुल्वर-लिटन (१८०३-१८७३) याचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. 'द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई' (१८३४) या कादंबरीचा लेखक म्हणून तो त्या काळी युरोपभर वाचला गेला. हर्टफर्डशायर परगण्यातील नेबवर्थ या इस्टेटीचा तो धनी होता, पार्लमेंटचा सदस्य होता आणि १८५८-५९ मध्ये वसाहतमंत्रीही होता. भारतीय अभ्यासकाला मात्र त्याचे घराणे परिचित आहे ते त्याच्या पुत्रामुळे. १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध लादणारा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हा त्याचाच मुलगा होय.

प्रस्तुत लेखाचा हेतू बुल्वर-लिटनच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करणे हा नाही. त्याच्या कुटुंबाच्या इतिहासातून चरित्रलेखनाविषयीचा एक मूलभूत प्रश्न पुढे येतो, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. चरित्रकार ज्या साधनांवर विसंबतो ती साधने त्याच्या हाती कोणत्या वाटेने येतात? पत्रे, रोजनिशी, आठवणी यांचे जतन कोण करतो आणि त्यांच्या प्रकाशनाचा अधिकार कोणाकडे असतो? बुल्वर-लिटन घराण्यात ज्या वाटेने जमीन आणि नाव पुढे गेले, त्याच वाटेने कागदपत्रेही गेली. आणि ज्या व्यक्तीला जमिनीत व नावात वाटा नव्हता, तिची बाजू आडवाटांनीच वाचकांपर्यंत पोचली. हे विधान त्या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या आधारे तपासून पाहता येते.

१. इस्टेट आणि मातेचा अधिकार

एडवर्डचा जन्म २५ मे १८०३ रोजी लंडन येथे झाला. वडील जनरल विल्यम अर्ल बुल्वर हे नॉर्फक परगण्यातील हेडन हॉलचे जमीनदार, तर आई एलिझाबेथ ही नेबवर्थच्या लिटन घराण्याची वारस. नेबवर्थ पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून लिटनांकडे होते. जनरल बुल्वर १८०७ साली मरण पावला तेव्हा तीन मुलांपैकी एडवर्ड सर्वांत धाकटा होता. ज्येष्ठाधिकाराच्या इंग्रजी रूढीनुसार हेडनची इस्टेट थोरल्या विल्यमकडे गेली. मधला हेन्री पुढे राजनैतिक सेवेत गेला. अमेरिकेशी १८५० साली झालेल्या क्लेटन-बुल्वर तहामुळे त्याचे नाव इतिहासात राहिले आहे. पित्याच्या जमिनीत तिसऱ्या मुलाला स्थान नव्हते. त्याची सारी आशा मातेच्या इस्टेटीवर होती.

येथे एक बाब काळजीपूर्वक लक्षात घ्यावयास हवी. तत्कालीन इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीचे कायदेशीर व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात विलीन होत असे. तिची जंगम मालमत्ता पतीची होई आणि स्थावरावरही ताबा त्याचाच चाले. एलिझाबेथला नेबवर्थ मिळाले ते मात्र तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतर, १८१० साली. म्हणजे वैधव्य आल्यानंतर तीन वर्षांनी. त्यामुळे ती इस्टेट खऱ्या अर्थाने तिची होती. तिने लिटन हे माहेरचे नाव पुन्हा धारण केले, जीर्ण झालेल्या चौसोपी वाड्याच्या तीन बाजू पाडून उरलेल्या भागाची नव्याने उभारणी केली आणि वारस कोण याचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवला. पुत्राच्या विवाहाला नकार देण्याचे सामर्थ्य तिला लाभले ते या स्वामित्वातून.

२. विवाह, लेखणी आणि विभक्ती

एडवर्डने २९ ऑगस्ट १८२७ रोजी रोझिना डॉइल व्हीलर हिच्याशी विवाह केला. रोझिना आयर्लंडची. तिची आई अ‍ॅना व्हीलर ही स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या आद्य विचारवंतांपैकी एक होती. विल्यम थॉम्प्सनचा १८२५ सालचा स्त्रियांच्या हक्कांवरील प्रसिद्ध ग्रंथ तिच्या विचारांच्या साहाय्याने सिद्ध झाला. धनहीन आणि अशा विचारांच्या घरातून आलेली सून एलिझाबेथला मान्य होणे शक्य नव्हते. तिने मुलाचे वार्षिक वेतन बंद केले.

याचा परिणाम वाङ्मयाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. उच्चभ्रू राहणीचा खर्च भागविण्यासाठी एडवर्डला लेखनावर उपजीविका करावी लागली. 'पेलम' (१८२८), 'पॉल क्लिफर्ड' (१८३०), 'युजीन अ‍ॅरम' (१८३२), 'पॉम्पेई' (१८३४) आणि 'रिएन्झी' (१८३५) ही कादंबऱ्यांची मालिका, शिवाय मासिकांतील लेखन व संपादन, एवढा पसारा आठ-नऊ वर्षांतला आहे. त्याच्या विपुल लेखनामागे प्रतिभेइतकीच निकडही होती. जमिनीने पाठ फिरविली म्हणून लेखणी हाती आली, असे याबाबतीत अक्षरशः म्हणता येते. पुढे मातेशी समेट झाला, पण तोवर संसार विस्कटला होता. अतिश्रम, एडवर्डचा संतापी स्वभाव, त्याचे अन्य स्त्रियांशी असलेले संबंध आणि रोझिनाची तिखट वाणी ही कारणे चरित्रकारांनी निरनिराळ्या प्रमाणात सांगितली आहेत.

१८३६ साली दोघे करारनाम्याने विभक्त झाली. रोझिनाला वर्षाला ४०० पौंड पोटगी ठरली. एमिली (जन्म १८२८) आणि रॉबर्ट (जन्म ८ नोव्हेंबर १८३१) ही दोन मुले प्रथम तिच्याकडे राहिली, परंतु १८३८ साली पित्याने ती काढून घेतली. मुलांवरील अधिकार कायद्याने पित्याचाच होता. कॅरोलाइन नॉर्टनच्या चळवळीमुळे १८३९ साली जो कायदा संमत झाला त्यान्वये सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी मातेला न्यायालयाकडे दाद मागता येऊ लागली. परंतु रॉबर्टला सात वर्षे पूर्ण झाली होती नोव्हेंबर १८३८ मध्ये. ताब्यापुरता विचार करता हा कायदा रोझिनाच्या दारी काही महिने उशिरा आला. एमिली १८४८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मरण पावली.

रोझिनाच्या हाती एकच साधन उरले होते, आणि ते पतीचेच होते. १८३९ साली तिने 'शेव्हली' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यातील दांभिक सरदार म्हणजे एडवर्डच, हे वाचकांनी तत्काळ ओळखले. त्यानंतरही ती कादंबऱ्या लिहीत राहिली. या कादंबऱ्यांकडे निव्वळ सूडाचे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा दीर्घकाळ होती. पण ज्या स्त्रीला पतीविरुद्ध न्यायालयात उभे राहण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता, तिने कादंबरीच्या रूपाने दाखल केलेली ही कैफियत आहे, या अंगानेही त्यांचे वाचन व्हावयास हवे. अर्थात कैफियत ही एका पक्षाची असते, हेही विसरून चालणार नाही.

३. लोकसभेतील कार्य आणि 'ज्ञानावरील कर'

एडवर्डचा संसदेतील प्रवेश १८३१ सालचा. प्रथम सेंट आइव्ह्ज आणि नंतर, १८३२ ते १८४१ पर्यंत, लिंकन या मतदारसंघाचे त्याने सुधारणावादी सदस्य म्हणून प्रतिनिधित्व केले. ग्रंथकाराच्या भूमिकेतून संसदेत केलेले त्याचे कार्य आजही मोलाचे वाटते. १८३२ साली रंगभूमीविषयक चौकशी समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते, आणि नाटककाराला आपल्या नाटकाच्या प्रयोगावर हक्क देणारा १८३३ सालचा कायदा त्याच्याच खटपटीने झाला.

त्याचे दुसरे कार्य वृत्तपत्रांविषयीचे. त्या काळी वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर चार पेन्स मुद्रांक-कर असे, आणि त्यामुळे वृत्तपत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाई. या कराला विरोधक 'ज्ञानावरील कर' म्हणत. जून १८३२ मध्ये एडवर्डने तो रद्द करावा असा ठराव मांडला. ठराव त्या वेळी संमत झाला नाही. तथापि १८३६ साली कर एक पेनीवर आला आणि १८५५ साली वृत्तपत्रांवरील सक्तीचा मुद्रांक पूर्णपणे उठला. लेखकाचा हक्क आणि वाचकाचा हक्क या दोन्हींचा पुरस्कार करणारा हा सदस्य होता. ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात ध्यानी ठेवावी लागते.

डिसेंबर १८४३ मध्ये आई वारली आणि नेबवर्थ एडवर्डला मिळाले. १८४४ साली राजाज्ञेने त्याने लिटन हे नाव आपल्या आडनावास जोडले. वाड्याला त्याने मनोरे, शिल्पे आणि गॉथिक धर्तीची सजावट चढविली. १८५० साली याच वाड्यात डिकन्सच्या हौशी मंडळींनी नाट्यप्रयोग केले आणि तेथूनच गरजू लेखकांच्या साहाय्यार्थ एका संस्थेची कल्पना पुढे आली. डिकन्सशी त्याचा स्नेह किती होता हे एका गोष्टीवरून कळते : 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा मूळ शेवट डिकन्सने एडवर्डच्याच सल्ल्यावरून बदलला.

राजकारणातही पालट झाला. धान्याच्या आयातीवरील जकात उठविण्याचे धोरण त्याला मान्य नव्हते. १८५१ साली त्याने जमीनदारी हितसंबंधांच्या संरक्षणार्थ पत्ररूप पुस्तिका लिहिली आणि १८५२ साली तो हर्टफर्डशायरमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे निवडून आला. नेबवर्थचा धनी झाल्यामुळेच त्याची मते पालटली असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. शेतीप्रधान मतदारांशी त्याचा संबंध लिंकनपासूनचा होता. एवढे मात्र खरे, की नवे पद, नवे नाव आणि नवा पक्ष ही सर्व एका दशकाच्या आत त्याच्याकडे आली.

४. जून १८५८

१८५८ साली लॉर्ड डर्बीच्या मंत्रिमंडळात एडवर्ड वसाहतमंत्री झाला. ब्रिटिश कोलंबिया या वसाहतीची स्थापना त्याच्या कारकिर्दीतली. मंत्रिपद स्वीकारणाऱ्या सदस्याला तेव्हा पुन्हा मतदारांना सामोरे जावे लागे. ८ जून रोजी हर्टफर्ड येथे निवडणुकीच्या व्यासपीठासमोर अनपेक्षितपणे रोझिना उभी राहिली आणि तिने जमावापुढे पतीची निर्भर्त्सना केली. लवकरच दोन वैद्यांच्या दाखल्यांच्या आधारे तिला वेडी ठरवून लंडनजवळील ब्रेंटफर्ड येथील एका खाजगी वेड्यांच्या आश्रयगृहात ठेवण्यात आले. त्या काळच्या कायद्याने असे दाखले पुरेसे होते. न्यायाधीशासमोर चौकशी होण्याची आवश्यकता नव्हती.

तिची सुटका झाली ती वृत्तपत्रांमुळे. ती ज्या सॉमरसेट परगण्यात राहत होती तेथील पत्राने आणि लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने हे प्रकरण लावून धरले. सुमारे तीन आठवड्यांत तिला मुक्त करणे भाग पडले. 'डेली टेलिग्राफ'चा जन्म १८५५ सालचा, म्हणजे मुद्रांक-कर उठला त्याच वर्षीचा. स्वस्त वृत्तपत्राचे ते अपत्य होते. ज्या स्वस्त वृत्तपत्रासाठी एडवर्डने १८३२ साली लोकसभेत ठराव मांडला, त्याच वृत्तपत्राने त्याच्या पत्नीच्या कोठडीचे दार उघडले. चरित्रकाराने यावर भाष्य करण्याचीही आवश्यकता नाही. सनावळीच पुरेशी बोलकी आहे.

सुटकेनंतर रॉबर्ट मातेबरोबर काही महिने युरोपात राहिला, पण माता-पुत्रांचा हा संबंध टिकला नाही. एडवर्डला १८६६ साली सरदारकी मिळाली. १८ जानेवारी १८७३ रोजी तो टॉर्की येथे निवर्तला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला मूठमाती देण्यात आली. रोझिना १८८२ साली वारली. तिच्या थडग्यावर नामशिळा बसली ती १९९५ मध्ये.

५. पुत्र : कायदा आणि मनाई हुकूम

रॉबर्ट हा 'ओवेन मेरेडिथ' या टोपणनावाने कविता लिहिणारा कवी आणि व्यवसायाने राजनैतिक अधिकारी. १८७६ ते १८८० या काळात तो भारताचा व्हाइसरॉय होता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत त्याने भव्य दरबार भरविला तेव्हा दख्खन आणि दक्षिण भारत भीषण दुष्काळाने होरपळत होते. महाराष्ट्रात त्याच पार्श्वभूमीवर १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले.

मार्च १८७८ मध्ये संमत झालेला व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. देशी भाषांतील पत्राच्या मुद्रकाकडून व प्रकाशकाकडून हमीपत्र लिहून घेण्याचा, अनामत मागण्याचा आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार त्याने शासनास दिला. त्याविरुद्ध न्यायालयात अपील नव्हते. इंग्रजी पत्रे मात्र त्यातून वगळली होती. लॉर्ड रिपनच्या काळात, १८८२ साली, तो रद्द झाला. पिता छापील शब्दावरील कर उठवू पाहणारा, तर पुत्र छापील शब्दावर हमी मागणारा, हा विरोध उघड आहे. तथापि घरातील घटनांमुळे रॉबर्टने हा कायदा केला असा कार्यकारणभाव जोडणे अशास्त्रीय ठरेल. त्यामागे साम्राज्याच्या शासनाची कारणे होती, आणि इंग्लंडमधील वाचकाला जे स्वातंत्र्य द्यावयाचे ते हिंदुस्थानातील वाचकाला नाकारावयाचे, ही त्या शासनाची सर्वसाधारण रीत होती.

पित्याच्या कागदपत्रांबाबत रॉबर्टचे वर्तन मात्र प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. १८८३ साली त्याने पित्याचे चरित्र व अवशिष्ट लेखन दोन खंडांत प्रसिद्ध केले. ते एडवर्डच्या आयुष्याच्या पूर्वार्धापाशीच थांबते. त्याच्या पुढच्याच वर्षी रोझिनाची स्नेही आणि तिच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारी लुइझा डेव्ही हिने एडवर्डने पत्नीला लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने छापली. रॉबर्टने न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला आणि पुस्तकाचे प्रकाशन थांबले.

'लिटन विरुद्ध डेव्ही' या खटल्यामागील तत्त्व साहित्याच्या प्रत्येक संशोधकाने समजून घेण्याजोगे आहे. पत्र ज्याला लिहिले त्याच्या मालकीचा होतो तो कागद. त्यावरील मजकूर छापण्याचा हक्क राहतो लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात त्याच्या प्रतिनिधीकडे. तत्त्व म्हणून ते न्याय्य आहे. खाजगी पत्राचा बाजार मांडला जाऊ नये, हे कोणीही मान्य करील. पण या कुटुंबात त्याचा परिणाम असा झाला, की पत्नीजवळ पेटीभर पुरावा होता आणि तो दाखविण्याचा अधिकार पतीच्या वारसाकडे होता. डेव्हीने १८८७ साली रोझिनाचे चरित्र लिहून आपले म्हणणे मांडले. रोझिनाच्या नावावर असलेले 'अ ब्लायटेड लाइफ' (१८८०) हे आत्मवृत्तही तिच्या संमतीवाचून छापले गेले होते, आणि तिने त्याचा जाहीर इन्कार केला होता. म्हणजे तिची म्हणून जी वाणी उपलब्ध होती, तीही पूर्णपणे तिच्या स्वाधीन नव्हती.

६. नातवंडे आणि चरित्रांची परंपरा

तिसऱ्या पिढीत चित्र काहीसे पालटते. रॉबर्टची कन्या एमिली ही नव्या दिल्लीचा वास्तुशिल्पी एडविन लट्येन्स याची पत्नी. थिऑसॉफीच्या चळवळीत तिने मोठा भाग घेतला. दुसरी कन्या कॉन्स्टन्स स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात उतरली. १९०९ साली तिला अटक झाली, तेव्हा हृदयविकाराचे कारण देऊन तुरुंगाधिकाऱ्यांनी तिला लवकर सोडले. ही सवलत आपल्या घराण्याच्या नावाला आहे अशी शंका येऊन तिने १९१० साली 'जेन वॉर्टन' या नावाने, गरीब शिवणकाम करणारीच्या वेषात, लिव्हरपूल येथे स्वतःला अटक करवून घेतली. या वेळी हृदयाची तपासणी न करताच तिला आठ वेळा बळजबरीने अन्न भरविण्यात आले. हा अनुभव तिने 'प्रिझन्स अँड प्रिझनर्स' (१९१४) या ग्रंथात नोंदविला. ज्या नावात वाटा मिळावा म्हणून आजी झगडली, ते नाव नातीने हेतुपुरस्सर उतरवून ठेवले. आणि नाव उतरविल्यावर काय घडते याचा पुरावा सिद्ध केला.

नातू व्हिक्टर, दुसरा अर्ल, १९२२ ते १९२७ या काळात बंगालचा गव्हर्नर होता. १९१३ साली त्याने आजोबांचे द्विखंडात्मक चरित्र लिहिले. वारसाने लिहिलेले हे चरित्र असूनही विवाहाची दुःखद हकिकत त्याने वगळली नाही. या प्रामाणिकपणाबद्दल त्याला श्रेय द्यावयास हवे. तरीही कोणती पत्रे कितपत द्यावयाची, याचा निर्णय नेबवर्थमध्येच झाला. मायकेल सॅडलरचे एडवर्ड व रोझिना या दोघांना समोर ठेवणारे पुस्तक १९३१ साली आले. रोझिनाची पत्रे तीन खंडांत संपादित होऊन प्रकाशित झाली ती २००८ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, बुल्वर-लिटनचे वाङ्मयीन व राजकीय जीवन त्याच्या इस्टेटीच्या इतिहासापासून वेगळे काढता येत नाही. त्याची लेखणी आईच्या रोषातून सक्तीने चालू झाली आणि त्याचे राजकीय उत्तरायुष्य नेबवर्थच्या छायेत गेले. दोन, एकाच घरातील दोन स्त्रियांपैकी विधवा वारस सामर्थ्यवान आणि विवाहित सून निर्धन होती. हा भेद त्यांच्या स्वभावातून आलेला नव्हता, तर कायद्यातून आलेला होता. म्हणून रोझिनाच्या आक्रस्ताळेपणाची चर्चा तिच्या कायदेशीर स्थितीच्या चर्चेवाचून अपुरी राहते. तीन, कागदपत्रांचे जतन आणि त्यांवरील हक्क या तटस्थ बाबी नाहीत.

या तिसऱ्या निष्कर्षातून दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका आहे. दडपली गेलेली बाजू तेवढ्यामुळेच सत्य ठरत नाही. रोझिनाच्या आरोपांपैकी काही अतिरंजित आहेत, हे तिच्याविषयी सहानुभूती बाळगणारे अभ्यासकही मान्य करतात. अभ्यासकाचे काम निवाडा फिरविणे हे नसून पुरावा कोणाच्या हातून आला याची नोंद प्रत्येक ठिकाणी ठेवणे हे आहे. चरित्र शिकविताना 'नायक कसा होता' या प्रश्नाआधी 'त्याची पेटी कोणी उघडली आणि किल्ली कोणाकडे होती' हा प्रश्न विचारला गेला, तर बुल्वर-लिटन कुटुंबाचा हा अभ्यास त्याच्या काळापुरता मर्यादित राहणार नाही.